घटक ५ : मंच कोणाचा, समूह कोणाचा? – डिजिटल लोकसमूहांचा निषेध

५.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला :
१. मंच, लोकसमूह, नियामक व एपीआय या संकल्पना स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करता येतील.
२. २०२३ मध्ये रेडिट या मंचावर झालेल्या निषेधाची कारणे व परिणाम सांगता येतील.
३. निषेधासाठी वापरल्या गेलेल्या भाषेचे व रूपकांचे विश्लेषण करता येईल.
४. महाराष्ट्रातील व भारतातील जवळच्या उदाहरणांशी या घटनेची तुलना करता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासा हे प्रवरेकाठचे गाव मराठीच्या अभ्यासकाला वेगळे सांगावे लागत नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ येथे मराठीत सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. ज्या खांबाला टेकून हे निरूपण झाले असे मानले जाते, तो ‘पैस’ खांब आजही तेथील मंदिरात आहे. ‘पैस’ म्हणजे विस्तार, मोकळी जागा. दुर्गा भागवत यांनी आपल्या एका ललितलेखसंग्रहाला हेच नाव दिले आणि त्या ग्रंथाला १९७१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

माणसे जेथे एकत्र येऊन बोलतात, ऐकतात आणि लिहून ठेवतात, अशा जागेला पैस लागतो. आज असे कितीतरी बोलणे मोबाइलच्या पडद्यावर होते. तुमच्या अभ्यासकेंद्राचा व्हॉट्सॲप गट हे त्याचे जवळचे उदाहरण आहे. सूचना, टिपणे, परीक्षेची चिंता आणि एकमेकांना दिलेला धीर, हे सारे तुम्ही सर्वांनी मिळून तेथे साठवता. ती जागा मात्र तुमच्यापैकी कोणाचीही नसते. जागेच्या मालकाने उद्या नियम बदलले, तर त्या बोलण्याचे काय होईल? प्रस्तुत घटकात हाच प्रश्न अभ्यासायचा आहे.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ काही मूलभूत संकल्पना

रेडिट हा २००५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेला मंच आहे. त्यावर विषयवार हजारो लोकसमूह आहेत : कोणी शेतीविषयी बोलतो, कोणी आजारपणाविषयी, कोणी व्याकरणाविषयी. प्रत्येक समूहाची देखरेख करणारे सभासद असतात. त्यांना नियामक म्हणतात. शिवीगाळ काढून टाकणे, फसव्या जाहिराती अडवणे, नवख्याला नियम समजावून सांगणे ही कामे ते करतात. या कामाचे वेतन त्यांना मिळत नाही. गावच्या सप्ताहात जसे काही जण न सांगता पंगतीची व्यवस्था पाहतात, तसे हे काम आहे.

दुसरी संकल्पना एपीआय ही आहे. तिच्यासाठी नेवासा तालुक्यातीलच दृष्टान्त घेऊ. मुळा धरणाचे पाणी उजव्या कालव्याने तालुक्यात येते. पण कालव्यातून थेट प्रत्येकाच्या वावरात जात नाही. त्यासाठी वितरिका आणि चाऱ्या लागतात. मंचावरील मजकूर हे साठलेले पाणी मानले, तर तो मजकूर बाहेरच्या ॲपपर्यंत पोहोचवण्यासाठी मालकाने ठेवलेले दार म्हणजे एपीआय. या दाराशी येऊन एखादे ॲप ‘अमुक मजकूर द्या’ असे विचारते, त्याला आपण ‘मागणी’ म्हणू. वाचकाने एक पान उघडले, एक प्रतिसाद दिला, की अशा अनेक मागण्या होतात.

रेडिटने हे दार २००८ पासून विनामूल्य खुले ठेवले होते. त्यामुळे अपोलो, सिंक, बेकनरीडर, ‘रेडिट इज फन’ अशी ॲप बाहेरच्या मंडळींनी तयार केली. मजकूर तोच, पण पाहण्याची आणि हाताळण्याची सोय वेगळी. रेडिटचे स्वतःचे मोबाइल ॲप २०१६ मध्ये आले. तोपर्यंत अनेक वाचकांची सवय या बाहेरच्या ॲपवरच घडली होती आणि नियामकांची अनेक साधनेही त्याच दारावर अवलंबून होती.

५.२.२ दार अरुंद होते

१८ एप्रिल २०२३ रोजी रेडिटने एपीआयच्या वापरासाठी शुल्क आकारण्याचा मनोदय जाहीर केला. नेमका दर ३१ मे रोजी अपोलो ॲपचे निर्माते ख्रिश्चन सेलिग यांनी लोकांसमोर मांडला : ५ कोटी मागण्यांसाठी १२,००० डॉलर. हा आकडा स्वतः पडताळून पाहा. सेलिग यांच्या म्हणण्यानुसार अपोलोकडून आदल्या महिन्यात सुमारे ७०० कोटी मागण्या गेल्या होत्या. ७०० कोटी म्हणजे ५ कोटींच्या १४० पट. १४० ला १२,००० ने गुणले की महिन्याला १६ लाख ८० हजार डॉलर होतात आणि वर्षाला सुमारे २ कोटी डॉलर. नवा दर १ जुलैपासून लागू व्हायचा होता. म्हणजे हाताशी महिनाभराचाच अवधी होता.

कंपनीची बाजूही समजून घेतली पाहिजे. मजकूर साठवण्याचा व पुरवण्याचा खर्च ती करीत होती. बाहेरच्या ॲपवर मात्र तिच्या जाहिराती दिसत नव्हत्या. शिवाय कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपे घडवणाऱ्या मोठ्या कंपन्या हाच मजकूर फुकट वापरत होत्या. रेडिटचे मुख्याधिकारी स्टीव्ह हफमन यांनी या मुद्द्यावर विशेष भर दिला होता. खर्च करणाऱ्याने मोबदला मागू नये, असे कोणी म्हणणार नाही. सेलिग यांचाही शुल्काला सरसकट विरोध नव्हता. त्यांचा आक्षेप दराला आणि अपुऱ्या मुदतीला होता.

तथापि कंपनीच्या युक्तिवादात एक गोष्ट सुटत होती. ज्या मजकुराला बाजारात किंमत आली होती, तो कंपनीने लिहिलेला नव्हता. तो सभासदांनी लिहिला होता आणि नियामकांनी निवडून, निसून ठेवला होता.

५.२.३ सर्वप्रथम दाराबाहेर कोण राहते?

या प्रसंगातील सर्वांत गंभीर प्रश्न अंध सभासदांनी पुढे आणला. अंध व्यक्ती पडदावाचक या साधनाच्या मदतीने मोबाइल वापरतात. हे साधन पडद्यावरील मजकूर वाचून दाखवते. रेडिटचे अधिकृत ॲप त्या वेळी या साधनाशी नीट जुळत नव्हते. अंधांच्या समूहाचे अंध नियामक आपला समूह बाहेरच्या ॲपच्या आधारानेच चालवीत होते. डोळस वाचकाच्या दृष्टीने जी निव्वळ आवडीनिवडीची बाब होती, ती त्यांच्या दृष्टीने आत येण्याची एकमेव वाट होती.

हा मुद्दा गाजल्यानंतर रेडिटने नफ्यासाठी न चालणाऱ्या, अपंगस्नेही ॲपना शुल्कातून सूट दिली. ही सूट आवश्यक होती. परंतु कोणत्या ॲपला ती मिळावी हे पुन्हा कंपनीच ठरवणार होती. हक्क आणि मेहेरबानी यांतील अंतर येथे दिसते. आपल्या भाषेत हे दोन वेगळे शब्द आहेत, याचे भान ठेवावे.

५.२.४ निषेधाची भाषा

१२ जून २०२३ रोजी आठ हजारांहून अधिक समूहांच्या नियामकांनी आपले समूह खाजगी केले. बाहेरच्या वाचकाला आतले काही दिसेना. हा निषेध आरंभी ४८ तासांचा होता. इंग्रजीत त्याला ‘ब्लॅकआउट’, म्हणजे दिवे घालवणे, म्हटले गेले. मराठीत अशा कृतीसाठी जुना शब्द आहे : हरताळ. ‘हाटाला लावलेले टाळे’ अशी या शब्दाची व्युत्पत्ती सांगितली जाते आणि ती या प्रसंगाला तंतोतंत लागू पडते. दिवे घालवल्याने अंधार होतो. टाळे लावल्याने व्यवहार थांबतो. नियामकांना व्यवहार थांबवून आपल्या श्रमाची किंमत दाखवायची होती.

हा वाद रूपकांनीही लढला गेला. हफमन यांनी एका मुलाखतीत नियामकांची तुलना जमीनदार वर्गाशी केली. जो आधी आला त्याने जागा बळकावली आणि सामान्य सभासदांना त्याला हटवता येत नाही, असा त्यांचा आशय होता. हे रूपक नीट तपासा. नियामक हे निवडून आलेले नसतात, हे खरेच आहे. त्यांच्यापैकी काहींचा कारभार एककल्ली असतो, हा अनुभवही सभासदांना होता. परंतु जमीनदाराला खंड मिळतो, नियामकाला काहीच मिळत नाही. आणि जमीन ज्याच्या नावावर आहे तो मालक या रूपकातून नामानिराळा राहतो. रूपक काय उजेडात आणते आणि काय झाकते, हे दोन्ही पाहणे हे साहित्याच्या विद्यार्थ्याचे काम आहे.

समूह पुन्हा उघडले नाहीत तर नियामक बदलले जातील, असे कंपनीने सुचवल्यावर निषेधाने उपहासाचे रूप घेतले. छायाचित्रांच्या एका मोठ्या समूहाने सभासदांचे मत घेऊन ठरवले की यापुढे जॉन ऑलिव्हर या विनोदी दूरचित्रवाणी-निवेदकाचीच छायाचित्रे स्वीकारली जातील. नियम मोडला नाही, समूहही उघडा राहिला. तरी त्याचा उपयोग उरला नाही. नियमाचे अक्षर पाळून त्याचा हेतू हाणून पाडण्याची ही रीत तुम्हाला भारूड आणि लोकनाट्यातील सोंगाड्याच्या वागण्यातही आढळेल.

निषेधाला दुसरी बाजूही होती. आजाराची, औषधाची वा एखाद्या यंत्राच्या बिघाडाची माहिती शोधणाऱ्या असंख्य वाचकांना त्या दिवसांत बंद दारे दिसली. हरताळाची झळ मालकाइतकीच गिऱ्हाइकालाही बसते.

५.२.५ परिणाम

दर बदलला नाही. ३० जून २०२३ रोजी अपोलो, सिंक, बेकनरीडर आणि ‘रेडिट इज फन’ ही ॲप बंद पडली. काही मोजकी ॲप वर्गणी आकारून चालू राहिली. बहुतेक समूह हळूहळू उघडले. मार्च २०२४ मध्ये रेडिटचे समभाग न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आले. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने आणखी एक नियम केला : उघडा समूह खाजगी करायचा असल्यास नियामकाने आधी कंपनीची परवानगी घ्यावी. ज्या टाळ्याने हरताळ पाळला गेला, त्याची किल्लीच काढून घेतली गेली.

या घटनेचा बोध येथे स्पष्ट होतो. नियामकांच्या हातातले प्रत्येक साधन मंचाने दिलेले होते. त्यामुळे ते मंचाला परत घेता आले. श्रम त्यांचे होते, समूह त्यांचा होता; पण मंचाबाहेर पाय टेकायला त्यांच्यापाशी जागा नव्हती.

त्याच वर्षी ट्विटरवरही असेच घडले. जानेवारी २०२३ मध्ये ट्विटबॉट, ट्विटरिफिक यांसारखी बाहेरची ॲप कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पाडण्यात आली आणि त्यांना मनाई करणारा नियम नंतर लिहिण्यात आला.

५.२.६ आपल्याकडील दोन उदाहरणे

पहिले उदाहरण महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांचे आहे. बालकांचे वजन, उंची, पोषण आहार यांच्या नोंदींसाठी केंद्र सरकारने मार्च २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप आणले. पूर्वीच्या ॲपमध्ये सेविका मराठीतून नोंदी करीत होत्या. नवे ॲप इंग्रजीत होते आणि त्याला पर्याय नव्हता. हाती दिलेले मोबाइल कमी क्षमतेचे असल्याने वरचेवर बंद पडत. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यात ठिकठिकाणी सेविकांनी आपल्या संघटनांमार्फत हे मोबाइल प्रकल्प कार्यालयांत परत केले. ॲप मराठीत द्या आणि चालतील असे मोबाइल द्या, या त्यांच्या ठळक मागण्या होत्या. पुढे हे ॲप मराठीसह इतर भारतीय भाषांत उपलब्ध झाले.

रेडिटच्या सभासदांशी सेविकांचे साम्य आणि भेद दोन्ही लक्षात घ्या. त्या हौसेने एकत्र आलेल्या नव्हत्या. मानधनावर काम करणाऱ्या स्त्रिया होत्या आणि मंच सरकारचा होता. पण येथेही एकच दार होते आणि ते दार त्यांच्या भाषेत उघडत नव्हते. महत्त्वाचा भेद असा की सेविकांची संघटना त्या मोबाइलमध्ये राहत नव्हती. मोबाइल परत केल्यावरही संघटना शिल्लक होती.

दुसरे उदाहरण इंटरनेट-समानतेच्या चळवळीचे आहे. इंटरनेटवरील सेवांना वेगवेगळे दर लावावेत का, याविषयी भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, मार्च २०१५ मध्ये लोकांची मते मागवली. दहा लाखांहून अधिक ई-मेल ‘ट्राय’कडे गेले. त्यानंतर फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’ योजनेवर मोठा वाद झाला. निवडक संकेतस्थळे फुकट आणि बाकीचे इंटरनेट दाम मोजून, असे तिचे स्वरूप होते. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ‘ट्राय’ने मजकुरानुसार भेदभाव करणाऱ्या दरांना मनाई केली आणि ती योजना भारतात थांबली. येथे निषेध करणाऱ्यांसमोर मालकाखेरीज एक सार्वजनिक संस्था होती आणि लोकांचे म्हणणे मागवून निर्णय देणे हे तिचे काम होते.

तिन्ही घटना शेजारी ठेवल्या की निषेधाचा आवाज किती मोठा, एवढाच प्रश्न उरत नाही. तो आवाज कोणासमोर उठवला जातो आणि उठवणाऱ्यांचा पाय कोठे रोवलेला आहे, यावर बरेच काही ठरते.

५.२.७ पुन्हा नेवाशाकडे

आता प्रास्ताविकातील खांबाकडे परत वळू. ज्ञानेश्वरीची निर्मिती नेवाशात झाली, परंतु ती नेवाशात अडकून पडली नाही. तिच्या हस्तलिखित प्रती गावोगाव झाल्या. ज्याला अक्षर येत होते त्याने उतरून घेतली. ज्याला येत नव्हते त्याने कीर्तनात, पारायणात ऐकून पाठ केली. मोकळेपणाबरोबर दोषही आले. नकलांत पाठभेद शिरले. तेव्हा पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, प्रती मिळवून शुद्ध पाठ सिद्ध केला. ग्रंथ सर्वांच्या हाती असला की त्याची निगा राखणाराही लागतो, आणि ती निगा येथे परंपरेतल्याच एका माणसाने राखली. डिजिटल नियामकाच्या श्रमाचे मोल समजण्यासाठी हे उदाहरण उपयोगी पडते. दोन्ही काळांत फार मोठे अंतर आहे, हे अर्थातच विसरता कामा नये.

उलट, ऑर्कुट हा मंच ३० सप्टेंबर २०१४ रोजी आणि गूगल प्लस २ एप्रिल २०१९ रोजी बंद झाला. त्यांवर मराठीतूनही भरपूर लेखन व चर्चा झाल्या होत्या. ज्यांनी आपले लेखन वेळीच उतरवून घेतले, त्यांच्यापाशी ते राहिले. मराठीच्या उद्याच्या अभ्यासकाला आजची बोली, आजचे वाद, आजचा विनोद हवा असेल, तर त्याचा मोठा भाग अशाच मंचांवर शोधावा लागेल. तो तेव्हा सापडेल की नाही, हे काही प्रमाणात आपण आज काय जपून ठेवतो यावर अवलंबून आहे.

५.३ सारांश

मंच मालकाचा असतो. समूह सभासदांच्या लेखनातून आणि नियामकांच्या विनावेतन श्रमातून घडतो. २०२३ मध्ये रेडिटने बाहेरच्या ॲपसाठी एपीआयचे शुल्क लावले, तेव्हा या दोहोंतील ताण उघड झाला. दार अरुंद होताच त्याची पहिली झळ अंध सभासदांना बसली. हजारो समूहांनी हरताळ पाळला, उपहास केला. तरी दर बदलला नाही, कारण निषेधाची साधनेही मंचाच्याच ताब्यात होती. अंगणवाडी सेविकांपाशी स्वतंत्र संघटना होती आणि इंटरनेट-समानतेच्या चळवळीसमोर सार्वजनिक संस्था होती. ज्या समूहाला मंचाबाहेरही आधार असतो, त्याचे म्हणणे आणि त्याचे लेखन टिकण्याचा संभव अधिक असतो.

५.४ पारिभाषिक शब्द

मंच : लोकांना लिहिण्या-बोलण्यासाठी उपलब्ध करून दिलेली डिजिटल जागा.
नियामक : समूहाची देखरेख करणारा सभासद, मॉडरेटर.
एपीआय : एका संगणकप्रणालीतील मजकूर दुसऱ्या प्रणालीला मागता यावा यासाठी ठेवलेले दार.
पडदावाचक : पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारे साधन, स्क्रीन रीडर.
पाठभेद : एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या प्रतींतील शब्दांचा फरक.

५.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. रेडिटच्या नव्या दराविषयी सेलिग यांचा आक्षेप कोणत्या दोन गोष्टींना होता?
२. सप्टेंबर २०२४ मधील नियमाने नियामकांचे कोणते साधन काढून घेतले?
३. एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा शुद्ध पाठ कोणत्या शकात सिद्ध केला?

उत्तरे : १. दराला आणि अपुऱ्या मुदतीला. २. परवानगीवाचून समूह खाजगी करण्याचे साधन. ३. शके १५०६ मध्ये.

ब) सुमारे १५० शब्दांत उत्तरे लिहा.
१. ‘नियामक म्हणजे जमीनदार’ या रूपकाचे परीक्षण करा.
२. रेडिटचा निषेध आणि अंगणवाडी सेविकांचे आंदोलन यांतील साम्यभेद स्पष्ट करा.

५.६ उपक्रम

तुम्ही सभासद असलेला एक मराठी गट निवडा. त्याची देखरेख कोण करते, कोणाला तो वापरणे अवघड जाते आणि तो उद्या बंद झाल्यास कोणते लेखन हरवेल, याची सभासदांशी बोलून टिपणे काढा. जपून ठेवावे असे वाटणारे थोडे लेखन, लिहिणाऱ्याची परवानगी घेऊन, वहीत उतरवा आणि पुढील संपर्कसत्राला ती वही घेऊन या.